पिक्चर कसा होता? उद्या सांगतो!

शुक्रवारी रात्रीचा शो सुटतो. पडद्यावर नावं अजून वर सरकतायत, साफसफाईवाले दादा झाडू घेऊन दारात उभे आहेत आणि आपल्या रांगेतल्या सात जणांपैकी पाच जणांचे मोबाइल एव्हाना बाहेर आलेत. लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘‘सेकंड हाफ ताणला यार.’’ दुसरा लगेच, ‘‘हो ना, ओव्हररेटेड!’’ पार्किंगपर्यंत पोहोचेस्तोवर सातही जणांचं मत एकच झालेलं असतं. त्यातल्या एकीला खरं तर पिक्चर आवडलेला असतो. मधल्या एका प्रसंगात तिच्या डोळ्यांत पाणीही आलेलं असतं. पण लिफ्टमध्ये ठराव मंजूर झालाय. मग तीही म्हणते, ‘‘ठीक होता. वन टाइम वॉच.’’

ओळखीचं वाटतंय ना? आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी त्या लिफ्टमधली ‘ती’ होऊन आलाय. पिक्चर आवडला होता, पण म्हणायची हिंमत झाली नाही. किंवा उलटं. अख्खा ग्रुप वेडा झालेला असताना आपल्याला कंटाळा आला होता आणि आपण गपचूप टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे याच आपण, क्रिकेट टीमच्या निवडीवर किंवा कँटीनच्या वडापाववर कुणाच्या बापाचं ऐकत नाही! पिक्चरच्या बाबतीतच आपलं मत इतकं पटकन दुसऱ्याच्या खिशात का जातं?

एक कारण म्हणजे घाई. पिक्चर संपल्यापासून मत देण्यापर्यंतचं अंतर आता जवळजवळ शून्यावर आलंय. इंटर्व्हलमध्येच स्टोरी पडते, ‘फर्स्ट हाफ फायर’. घरी पोहोचायच्या आत पाचपैकी किती स्टार ते ठरलेलं असतं. आणि बऱ्याचदा तर थिएटरात शिरायच्या आधीच तीन रील, दोन यूट्यूब रिव्ह्यू आणि एक मीम बघून झालेलं असतं. म्हणजे आपण पिक्चर बघायला जात नाही, आधीच ऐकलेलं मत बरोबर आहे का ते तपासायला जातो.

या घाईचं प्रकरण कोर्टापर्यंतही गेलंय. मुद्दाम वाईट लिहून पिक्चर पाडायचा, या ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’चा मुद्दा केरळ उच्च न्यायालयात गाजला. २०२४ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी सुचवलं, की पिक्चर लागल्यावर पहिले ४८ तास व्लॉगर्सनी परीक्षण टाकू नये. आम्हाला ही सूचना पटत नाही. तिकीट काढून पिक्चर बघणाऱ्याला कधी बोलायचं हे नियम करून सांगता येत नाही, सांगूही नये. पण जे नियमाने होऊ नये, ते आपण आपल्या मनाने करू शकतो. ४८ तास नकोत. एक रात्र पुरे.

मटकी भिजत घातली की लगेच उसळ होत नाही. ती उपसून, फडक्यात बांधून ठेवावी लागते, तेव्हा कुठे मोड येतात. पिक्चरचंही तसंच असतं. रात्री ‘ताणला’ वाटलेला सेकंड हाफ सकाळी लोकलमध्ये उभं असताना अचानक आठवतो आणि कळतं, अरे, तो उगाच संथ नव्हता. किंवा रात्री ‘फायर’ वाटलेल्या पिक्चरमधलं सकाळी एकही माणूस आठवत नाही, फक्त स्लो मोशनमधली एंट्री आठवते. दोन्ही मतं खरीच. पण दुसरं जास्त आपलं असतं.

थिएटरातलं मत, घरातलं मत

आता दुसरी गंमत. पिक्चर तोच, पण कुठे बघितला यावरही मत ठरतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ लागला, तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेत होते. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते हे सगळ्यांना माहितीय. पण ज्यांनी तो थिएटरात बघितला, ते दुसरीच गोष्ट सांगतात. शेवटच्या काही मिनिटांत नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतलाय. दोन तासांपूर्वी शिट्ट्या मारणारं तेच थिएटर त्या शांततेत बसून राहायचं आणि उठताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. ती शांतता मोबाइलवर कशी मिळणार? तिथे नेमका त्याच वेळी कुरिअरवाला बेल वाजवतो. मग मोबाइलवर बघितलेला म्हणतो, ‘‘गाणी भारी होती, एंड ठीक होता.’’ तो खोटं बोलत नसतो. त्याने बघितलेला पिक्चरच वेगळा असतो.

याच्या उलटही होतं. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि २०२१ मध्ये आपल्याकडे थेट ओटीटीवर दाखल झाला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या, पण कदाचित मोठा गायक होऊ न शकणाऱ्या मुलाची गोष्ट. रात्रीच्या मुंबईत तो बाइकवरून चाललाय, कानात गुरूंच्या गुरूंची जुनी रेकॉर्डिंग्ज, आणि चित्र संथ झालेलं. हा प्रसंग हेडफोन लावून, एकट्याने, खोलीतला दिवा बंद करून बघा. अंगावर येतो. तोच १.५ च्या स्पीडला, जेवताना, मधून मधून ग्रुपवर रिप्लाय देत बघितला, तर ‘काही घडतच नाही’ असं वाटणारच. ज्या पिक्चरचा विषयच वाट बघणं आहे, तो पळवत बघून त्याला ‘स्लो’ म्हणायचं, हे म्हणजे चहात बर्फ घालून ‘गार आहे’ म्हणण्यासारखं झालं!

म्हणून आमची पहिली विनंती साधी आहे. मत देताना आपण पिक्चर कसा बघितला तेही सांगा. ‘मोबाइलवर, तीन तुकड्यांत बघितला, मला जमला नाही’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘फालतू आहे’ हे तितकं प्रामाणिक नाही.

आणि कधी कधी चूक आपली नसते, वेळेची असते. ‘शोले’ १९७५ च्या १५ ऑगस्टला लागला, तेव्हा पहिल्या काही दिवसांत ‘पडला’ असंच बोललं जात होतं. नंतर मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. इतकं मागे नको जायला. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात फार लोक गेले नाहीत. मग तो घरोघरच्या स्क्रीनवर पोहोचला, बघणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मधल्या सहा वर्षांत पिक्चरची एक फ्रेमही बदलली नव्हती. बदललं होतं ते लोकांचं बोलणं.

पण सोमवार कुणासाठी थांबत नाही

इथे कुणीतरी म्हणेल, मग काय, निवांत बघू, निवांत बोलू. तेवढंही सोपं नाहीये. कारण प्रत्येक पिक्चरला सहा वर्षांनी दुसरी संधी मिळत नाही.

मराठी पिक्चरचं गणित बघा. शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवार लोक आले तर शो टिकतात. नाही आले तर पुढच्या आठवड्यात सकाळी सव्वानऊचा एखादा शो उरतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यात गर्दी एकमेकांचीच. १२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी पिक्चर लागले. पडदे तेवढेच, प्रेक्षक तोच, आणि महिन्याचा खर्च भागवून उरलेले पैसेही तेवढेच. अशा वेळी मोठ्या होर्डिंगपेक्षा एक वाक्य जास्त काम करतं. वर्गातल्या मैत्रिणीने म्हटलेलं, ‘‘जा, बघ.’’

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये आला तेव्हा आपल्या आया, मावश्या, काकू ग्रुप करून, नटूनथटून थिएटरात गेल्या. सहा बहिणींची, मंगळागौरीची ती गोष्ट त्यांनी एकमेकींना फोनवर सांगितली, भिशीत सांगितली आणि शो वाढत गेले. त्याच वर्षी ‘ट्वेल्थ फेल’ फारसा गाजावाजा न करता लागला. दिल्लीच्या मुखर्जीनगरमधली ती गोष्ट पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही आपलीच वाटावी अशी होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि पिक्चर आठवड्यामागून आठवडे टिकला.

आता दुसरी बाजू. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात पुरस्कार मिळवून २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये जागतिक विभागातला मोठा ज्युरी पुरस्कार मिळाला, तो सप्टेंबरमध्ये आला. आपल्यापैकी किती जणांनी ‘अभिमान वाटतो’ अशी स्टोरी टाकली आणि किती जणांनी तिकीट काढलं? हात वर करायची गरज नाही. स्टोरी टाकून तिकीट न काढणाऱ्यांत आम्हीही आहोत. ‘ओटीटीवर आला की बघू’ म्हणालो आणि तो आठवडा निघून गेला.

अर्थात, सगळा दोष आपल्या डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग मिळून एका पिक्चरला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात हॉस्टेलवरच्या मुलाचे कितीतरी नाश्ते होतात. राष्ट्रीय सिनेमा दिनाला २०२४ मध्ये तिकीट ९९ रुपयांना होतं, तेव्हा आपण बरोब्बर वेळ काढला होता की नाही? अनेक तालुक्यांच्या गावी तर आता एकही थिएटर चालू नाही. तिथल्या मुलांना ‘थिएटरातच बघा’ हे सांगणं म्हणजे चेष्टाच. त्यांच्यासाठी घरचा पडदा हाच पडदा आहे, आणि त्यांचं मतही तितकंच खरं आहे.

आणखी एक. मराठी आहे म्हणून ‘छान आहे’ म्हणायचं, हे नको. ती दया झाली. वाईट मराठी पिक्चरला चांगलं म्हटलं की पुढच्या वेळी चांगल्या पिक्चरबद्दल आपण जीव तोडून सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्या शब्दाला वजन तेव्हाच येतं, जेव्हा आपण कधी कधी ‘नाही आवडला’ असंही म्हणतो.

थोडक्यात, आपल्याला दोन्ही जमवायचंय. घाईही करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. म्हणून तर एक रात्र म्हणालो. शुक्रवारी बघितला, शनिवारी सकाळी बोला. पिक्चरलाही वेळ मिळतो, आपल्यालाही.

सगळ्यात अवघड थिएटर : घरचा हॉल

मित्रांमध्ये मत देणं एक वेळ सोपं. खरी परीक्षा घरच्या सोफ्यावर असते. रविवारी दुपारी सगळे मिळून काहीतरी बघायचं ठरतं. रिमोट बाबांकडे, आजीला ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा, आणि नको तो प्रसंग आला की सगळ्यांना एकदम पाणी प्यायची आठवण. पिक्चर संपला की आई विचारते, ‘‘कसा होता रे?’’ आपण म्हणतो, ‘‘मस्त’’ आणि खोलीत जातो.

इथे आपण काय घालवतो, ते लक्षात घ्या. आपल्या घरांमध्ये कितीतरी विषय थेट बोलता येत नाहीत. जात, प्रेम, लग्न, पैसे, नोकरी सोडणं, आईने आयुष्यभर काय सोडून दिलं ते. ‘मला दुसऱ्या जातीतली मुलगी आवडते’ हे वाक्य जेवणाच्या ताटावर ठेवायची हिंमत किती जणांत आहे? पण ‘आर्ची-परश्याचं काय चुकलं होतं?’ हा प्रश्न विचारता येतो. बाबा काय उत्तर देतात ते ऐकता येतं. ते ‘पिक्चरमध्ये ठीक आहे’ म्हणाले, तर कुठल्या जागी आडलंय तेही कळतं. ‘स्थळ’ बघताना कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले जातात, तेव्हा ताईकडे एकदा बघा. तिला कदाचित बोलायचं असेल.

‘लापता लेडीज’मध्ये जेवणाचा एक अगदी साधा प्रसंग आहे. घरातल्या सगळ्यांच्या आवडीचं रांधता रांधता सासूबाईंना स्वतःला काय आवडतं तेच आठवेनासं झालंय. आमच्या एका मित्राने हा पिक्चर घरी आईसोबत बघितला. त्याने तिथे पॉज केलं आणि आईला विचारलं, ‘‘तुला काय आवडतं गं?’’ आई आधी हसली. ‘‘मला सगळंच आवडतं,’’ म्हणाली. बऱ्याच वेळाने, पिक्चर संपून भांडी घासून झाल्यावर, तिने स्वतःहून सांगितलं, ‘‘शेपूची भाजी. पण तुम्हाला कुणालाच वास चालत नाही ना.’’ वीस वर्षांत त्याच्या घरी शेपू आला नव्हता. पुढच्या रविवारी आला. तो अजूनही नाक मुरडतो, पण खातो.

पिक्चरवर बोलणं म्हणजे नुसतं ‘कॅमेरावर्क भारी’ नव्हे, ते हे असं. आणि हेही बघा, आईने लगेच उत्तर दिलं नाही. तिलाही थोडा वेळ लागला.

मग बोलायचं कसं?

यावर आम्ही काही नियमावली काढणार नाही. पण कट्ट्यावर वर्षानुवर्षं वाद घालून जे शिकलो, ते सांगतो. ‘भारी’, ‘बकवास’, ‘ओव्हररेटेड’, ‘पैसा वसूल’ हे चार शब्द एक दिवस बाजूला ठेवून बघा. त्याऐवजी एक प्रसंग सांगा. जो आवडला, खटकला किंवा कळलाच नाही. ‘कळला नाही’ म्हणायला अजिबात लाजू नका. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना तो कळलेला नसतो, ते फक्त तुमची वाट बघत असतात. एखाद्याने पिक्चर बघितला नसेल तर शेवट फोडू नका, आणि आपण स्वतः बघितला नसेल तर मत फोडू नका. समोरच्याला आवडलेला पिक्चर आपल्याला आवडला नाही, तर ‘तुला यात काय दिसलं?’ असं विचारा. मात्र टोमणा मारायला नको, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

आणि हे सगळं कॉलेजमध्येही करता येईल. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं, त्याआधीपासून देशात फिल्म सोसायट्या होत्या. तिथे पिक्चर संपल्यावर लोक लगेच उठून जात नसत, बसून बोलत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सर तर एकाच पिक्चरचे प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवून बघायला शिकवायचे. आपल्या कॉलेजात प्रोजेक्टर आहे, सेमिनार हॉल आहे आणि शनिवारी दुपारी तो रिकामाही असतो. परवानगी घेऊन, रीतसर मिळवलेला एखादा पिक्चर महिन्यातून एकदा लावा. पण चर्चा लगेच नको. सोमवारी लंच ब्रेकमध्ये, कँटीनला. जे येतील त्यांना खरंच काहीतरी बोलायचं असेल.

पिक्चर बनवणाऱ्यांनी त्यासाठी वर्षं घातलेली असतात. आपण अडीच तास देतो. त्यात आणखी एक रात्र टाकायला काय हरकत आहे? आपलं मत ऐकून कुणी दिग्दर्शक पिक्चर बदलणार नाही, हे खरंय. पण त्या मतावर शेजारच्या बाकावरचा मित्र तिकीट काढेल किंवा नाही काढणार. त्या मतामुळे घरी एखादी गोष्ट बोलली जाईल किंवा मनातच राहील. एवढं त्याच्या हातात नक्की आहे.

तेव्हा या शुक्रवारी लिफ्टमध्ये कुणी विचारलं, ‘‘कसा होता?’’ तर सरळ सांगा, ‘‘उद्या सांगतो.’’ हसतील. हसू देत.

फक्त उद्या नक्की सांगा.